शेंदराच्या आतली अक्षरं

सन्माननीय अध्यक्ष उत्तमराव पाटील, ओट्यावर विराजमान झालेले वडीलधारे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे शेषराव मास्तर, आणि सतरंजीवर बसलेल्या माझ्या माय-बापहो,

टाटानगरच्या भट्टीपाशी राबणाऱ्या, तिसरीतून पळालेल्या माणसाला आपण बोलायला उभं केलंत. धाडस तुमचं, माझं नव्हे.

मास्तर उद्या मलकापूरला गाडी धरतील. नागपूरला मध्ययुगीन इतिहासाची परिषद भरते आहे, मध्यप्रांत-वऱ्हाडातले पंडित येणार. जुने कोरीव लेख वाचणाऱ्या एकाला वर्षभराची शिष्यवृत्तीही मिळणार. आपल्या वेशीतला देव हा तसाच लेखाचा दगड आहे, हे मास्तर वीस वर्षं सांगत आले. पण वाचणार कसा? पायाशी एक ओळ उघडी, वर सगळा चार बोटं शेंदूर! रोज संध्याकाळी मास्तर डोळे मिटून त्यावरून हात फिरवायचे. लांबून वाटायचं, निजलेल्या लेकराची पाठ थोपटताहेत.

देवाला शेंदूर चढवणाऱ्या आपल्या अंबूआजी म्हणायच्या, "मास्तर, देवाचं आंगडं काऊन ओढता? त्यानं टाकलं तरच पाहा."

"हाव आजी, थांबतो मी."

आणि तीन वर्षांमागं देवानं खोळ टाकली. शेंदराचं कवच आपोआप गळालं. मास्तर तेव्हा परीक्षांसाठी बुलढाण्याला. आपली रीत अशी, की देव उघडा ठेवायचा नाही. दिवस मावळायच्या आत आजींनी नवा शेंदूर चढवला, गळालेली खोळ माझ्या हाती दिली. "नळगंगेत सोडून ये बे. मांगं पाहू नको." दोन दिवसांनी मास्तर आले, दगडासमोर बसले, म्हणाले, "चला, पुन्हा वाट पाहू." अशी खोळ पडते दोन पिढ्यांतून एकदा.

आता परिषदेनं कळवलंय, लेखातल्या सालाचा कागदावर उठवलेला ठसा असेल तरच निबंध वाचता येईल. काल मास्तर पाटलांना म्हणाले, "नसेल तर नसेल. मागं बसून ऐकून येईन."

मंडळी, मी सारी खोळ सोडली नव्हती. परमुलखात निघालो होतो. गावचा देव सोबत असावा म्हणून तळहाताएवढा तुकडा फडक्यात बांधला. आतल्या बाजूला उलटे उठाव होते, मी त्यांना देवाघरची भाषा समजायचो. मागल्या महिन्यात दाढी करताना तो आरशापुढे राहिला. भट्टीचा तांबूस उजेड भिंतीवर हलत होता, आणि आरशातल्या शेंदरातून एक 'क' सुलट होऊन वर आला. तोच 'क', जो मास्तरांनी माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतला होता! मला वाटलं, शेकडो वर्षांमागं आपल्याच वेशीत कुणी छिन्नी घेऊन हाच गिरवत बसला असेल, आणि त्याच्याही भिंतीवर असाच उजेड हलत असेल. त्या 'क'पुढे आकड्यांसारखी चार चिन्हं आहेत. साल आहे का? मला काय कळतंय! रजा टाकून निघालो.

अंबूआजी, उठू नका. 'चोट्टा' म्हणालात, ऐकलं मी. खरं आहे. ठसा घेऊन झाला की हा तुकडा मीच नळगंगेत सोडीन, आणि या वेळी मागं पाहणार नाही. पण आज तो मास्तरांच्या हाती देतो. मास्तर, मागं बसू नका.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलताना जीभ घसरली असेल तर लेकरू समजून पोटात घाला. खोळीची चूक माफ करायची की नाही, ते मात्र आजींनी ठरवावं.

आणि मास्तर, फडक्यात माझा आरसाही बांधलाय. तो जपून न्या.