सरांच्या सहीची चिठ्ठी

—उलटा धरला होता तुनं ह्या माशाले, नीलेश. हे चपलेच्या तळव्यासारखं दिसते नं, ते पोट नाई, डोकं हाये त्याचं. बस नं, काऊन उभा हायेस? सर निजले हायेत आतल्या खोलीत, बरं नसते त्याइले आजकाल, म्हणून लोकाइनं आणलेले जीव मीच पाह्यते. तू त त्यांचाच विद्यार्थी, कॉलेजातला, तुले काय लपवाचं. रत्नागिरीले मेव्हण्याच्या होडीत बसून गळ टाकला म्हणतोस, अन् हे लागलं? अन् आता आंजीले, तू शिकवतोस त्या शाळेच्या कपाटात ठेवतोस बरणी—बरं करून राह्यला. वर्ध्याच्या पोराइनं कुठं पाह्यला समुद्र? मी तरी कुठं पाह्यला? सर दरवर्षी म्हणत, मंदा, औंदा जाऊ—औंदा औंदा करता राह्यलंच ते.

चहा घे पह्यले. माशाचं नाव कुठं पळून नाई चाललं. हे पाह्य, ह्या पुस्तकात हाये, रेमोरा—मोठ्या माशाच्या, कासवाच्या अंगाले डोक्यानं चिकटते अन् त्याच्यासंगंच फिरते. मागं ओढला त अजून घट्ट धरते, समोर सरकवला तवाच सुटते, सरांनी बाजूले पेन्सिलनं लिहून ठेवलं हाये. बरणीवर लावाले नावाची चिठ्ठी पाह्यजे नं, सरांच्या सहीची? देते नं. सारेच मागतात. केळझरची एक बाई परवा पालीचं अंडं घेऊन आली, दोन तास बसली, लय बोलली. श्रावणापासून सारी पुस्तकं वाचून काढली मी—वेळच वेळ असते. हे घे, नाव, खाली सही. काय पाहून राह्यला? हात थरथरते त्यांचा, म्हणून मी करते, त्याइले विचारूनच करते.

पाया पडतोस? नको रे, झोप मोडन. मी सांगीन नं नीलेश येऊन गेला म्हणून. अरे, चिठ्ठी झाली नं तुही—नीलेश, पडदा नको सरकवू—

पाह्यलं. बरं, रिकामी खाट पाह्यली त पाह्यली. श्रावणातच वारले सर, रायपूरले, आमच्या सुरभीच्या घरी. पोरीनं तिथंच सारं क्रियाकर्म केलं, इथं कोणाले कळलं नाई. मी इथं परत आली अन् तिसऱ्या दिवशी एक जण डब्यात मासा घेऊन दारात—सर हायेत का? हायेत म्हटलं. नाई म्हटलं असतं त डबा घेऊन गेला असता तो. त्याच्या आधीचे दोन दिवस मी कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. सर नाईत म्हटल्यावर मंदाबाईकडं कोण येते? तू आला असता का? सांग नं. नाई येत.

नाव बरोबर हाये पण. दोनदा पाह्यलं मी. चिठ्ठी फाडू नको, अन् कोणाले सांगू नको, एवढं कर. ऊठ आता, आंजीची बस चुकन. पुढच्या सुटीत अजून काही सापडलं त—नाई, राहू दे. जा तू.