चार ते सहाचं मौन

…आणि त्यासाठी का मी वर्षभर बिनसाखरेचा चहा प्यायले? तुम्हाला सांगते, मुंगीला त्या कोपऱ्यावरच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून नवस बोलले होते मी, चहातली साखर सोडली होती, आणि प्रवेश मिळाला, पहिल्याच यादीत, म्हणजे देवाकडून काही कसूर नाही. मुंगी म्हणजे आमची मुलगी, दुसरीतली. डबा कुठेही लपवा, साखरेपर्यंत पोचायचीच, म्हणून मुंगी. तर या मुंगीच्या वहीत एके दिवशी हिरवी चिठ्ठी. ‘आपल्या पाल्यास आठवड्यातून दोनदा मदतखोलीत नेण्यात येईल. पालकांनी सही करावी.’ मदत? कोणी मागितली मदत? न मागता मदतीला येणाऱ्या माणसाचे आपण आधी हात बघतो की नाही? मी संशयी नाही हो. मला फक्त विचारायचं होतं.

गेले वर्गशिक्षिकेकडे. त्या म्हणाल्या, “अहो, काळजीचं काही नाही. वाचायला उभी केली की ती वाचत नाही, एवढंच.” काळजीचं काही नाही… दातांचे डॉक्टरही असंच म्हणतात आणि मग पक्कड काढतात. मी म्हटलं, घरी तर छान वाचते. त्या म्हणाल्या, “तुम्ही ऐकलंय?” आता ऐकायला कशाला हवं, मी तिच्याबरोबरच वाचते ना, रोज, मोठ्यांदा!

घरी येते तो जिन्यात शिंपीणकाकू. टाचण्या तोंडात धरूनच बोलतात त्या. “सही करू नकोस हं. नाव एकदा त्या यादीत चढलं की चौथीपर्यंत उतरत नाही. पुढच्या शाळेतसुद्धा मागोमाग जातं.” झालं. मागोमाग जातं म्हणे… नाव आहे की मांजर? आमच्या ह्यांना विचारलं. हे घड्याळं दुरुस्त करतात, दिवसाला पाच वाक्यं बोलतात, त्यातली तीन गिऱ्हाइकांना. मला म्हणाले, “कर सही.” का करू, तर ते सहावं वाक्य झालं असतं.

केली सही. पण सही केली म्हणजे विश्वास ठेवला असं थोडंच आहे?

मग मदतखोलीतल्या बाईंनी भेटायला बोलावलं. खोली म्हणाल तर व्हरांड्याच्या टोकाला, पूर्वी नकाशे ठेवायचे तिथे, आणि दाराच्या काचेला आतून खाकी कागद. कागद का? आत असं काय चालतं? बाई दिसायला गरीब, आवाज मऊ, आणि मऊ आवाजाच्या माणसाची मला जरा जास्तच धास्ती. त्यांनी मुंगीला विचारलं, “तुझी मैत्रीण कोण गं?” मी म्हटलं, आहे एक, रिबिनीवाली. “तुला काय आवडतं?” मी म्हटलं, चित्रं, आणि कासव. “शाळेत भीती कशाची वाटते?” मी म्हटलं, छे, भीती कसली, आमच्या घरात कोणी भित्रं नाही. आणि बाई दर खेपेला वहीत काहीतरी लिहीत होत्या. माझ्याकडे बघून! मी मान लांब करून पाहिलं तर त्यांनी वहीवर हात ठेवला. आता सांगा, झाकण्यासारखं काय होतं त्यात? मी संशयी नाही हो. मला फक्त विचारायचं होतं.

दुसऱ्या आठवड्यात, मुंगी पाण्याची बाटली विसरली या निमित्तानं मी गेले. बाटली मीच पिशवीतून काढून ठेवली होती, पण ते असो. खाकी कागदाचा एक कोपरा फाटलेला. डोळा लावला. तर आत मुंगी पुस्तक घेऊन बसलेली आणि बाई समोर, हाताची घडी घालून, गप्प. मी बोटांवर नामजप सुरू केला, एकशे आठ झाले, तरी बाईंच्या तोंडून शब्द नाही. शिकवायला नेमल्यात की गप्प बसायला? शिपाईमामा मागून म्हणाले, “ताई, बाटली आत देऊ का?” मी म्हटलं नको, तिला तहान नसेल.

त्याच दिवशी देवासमोर बसले. म्हटलं, देवा, हिचं नाव त्या यादीतून काढ. ती वर्गात उभी राहून एक धडा वाचू दे. तोवर मी शाळा सुटल्यापासून, म्हणजे चार ते सहा, मौन पाळीन. साखर सोडणं त्यापुढे खेळ होता. पण देवाकडे मागायचं तर आपल्याला जड जाईल असंच द्यावं लागतं.

पहिल्या दिवशी मुंगी आली, दप्तर टाकलं, माझ्याकडे बघितलं. मी गप्प. ती गप्प. दोन तास. माझ्या जबड्यात कळा. चौथ्या दिवशी तिनं खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, “आई… आज…” आणि थांबली. पुढचा शब्द माझ्या जिभेवर आला होता, पडला? हरवलं? कोणी मारलं? पण व्रत. गिळला. जप सुरू केला मनात. बावीस नामं झाली तेव्हा कुठे म्हणाली, “…आज मी बाईंना गोष्ट वाचून दाखवली.” मग परत थांबली. एकतीस. “मला वाचता येतं. पण मी सुरू करेपर्यंत वर्गातल्या बाई पुढच्याला उठवतात.” आणि मग चाळीस की पन्नास, मी मोजायचंच विसरले. “आणि घरी तू वाचतेस.”

तोंडाला पदर लावून बसले मी. व्रत मोडू नये म्हणून हो. दुसरं काही नाही.

महिन्याभरानं मुंगीनं वर्गात धडा वाचला. मदतबाईंनी आधी वर्गशिक्षिकेला सांगून ठेवलं होतं, थांबायचं. सगळा वर्ग थांबला, आणि तिनं वाचला, पूर्ण. नाव निघालं यादीतून. बाईंनी ती वही माझ्यापुढे धरली. पहिल्याच पानावर, ‘मुलीला उत्तर येते. वेळ लागतो. घरी वेळ मिळत नाही. आईला कसे सांगावे?’ आता मला सांगा, बाईंना सांगता येईना, आणि पुढच्याच आठवड्यात मला नेमकं मौनाचंच सुचावं? देवाचं आणि ह्या बाईंचं आधीच काही ठरलं होतं का? मी संशयी नाही हो. मला फक्त विचारायचं होतं.

ह्यांना विचारलं. म्हणाले, “मी नऊ वर्षं तुला हेच सांगणार होतो, पण मध्ये जागा मिळेना.”

तर तुमच्याकडेही लहान मूल असेल, तर एवढं कराच माझ्यासाठी. चार ते सहा. मूल थांबलं की आपण जप करायचा, पुढचा शब्द त्याचा त्याला सापडू द्यायचा. करून बघा आणि काय झालं ते मला सांगायला या. फक्त सहानंतर या. नवस फिटला खरा, उद्यापनाचं मी परवाच काढलं होतं, तर मुंगी म्हणाली, “आई… व्रत…” मी थांबले, तीसपर्यंत. “…चौथीपर्यंत आहे ना?”

शिंपीणकाकू म्हणाल्या होत्याच, नाव चौथीपर्यंत उतरत नाही. कोणाचं, ते तेवढं विचारायचं राहिलं.