पालकांची सही

अलाबामातल्या काउंटी कचेरीत लोरेन आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी थांबली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची लेक नातीच्या शाळेची चिठ्ठी घेऊन बसल्या होत्या.

“आपल्या काळ्या पुढाऱ्यांचा धडा आहे, आई. पालकांची सही हवी.”

“गोऱ्या वॉशिंग्टनच्या धड्याला मागितली होती?”

“नाही.”

“मग सही करणाऱ्यांची ही नावं कुठे जमा होणार?”

“तुझा आपला संशय! सही नसेल तर टियानाला वर्गाबाहेर बसवतील.”

“मिस ओडेसांनी तुला हेच शिकवलं, तेव्हा कुणाला विचारलं होतं?”

“त्या दार लावून घ्यायच्या.”

“उगीच नाही लावत कुणी दार.”

खिडकीतून हाक आली, “ओडेसा पेटिग्रू, मृत्यूचा दाखला!”

लोरेन उठली. मग तिला मागून म्हातारीचा आवाज आला.

“कर सही. नाव ठळक लिही.”