एक कोपरा कमी

आक्का : पाणी नको, पोरी. सुतकाच्या घरात मी पाणी घेत नाही. आधी सांग, कोणत्या दिवशी गेला?

मोना : कोण?

आक्का : कोण म्हणजे? यशवंता. तुझा आजोबा.

मोना : आबा? आबा तर कटिंगला गेलेत. इथंच, चौकात. येतीलच आता.

आक्का : कुठे गेलाय?

मोना : केस कापायला. अहो आजी, बसा ना, पडाल. तुम्ही कोण?

आक्का : सुभद्रा. धारची. यशवंताची थोरली बहीण.

मोना : सुभद्रा आत्याआजी! मतलब माझं कार्ड पोचलं! मी तर तुम्हाला फोटोतच पाहिलंय. पण तुम्ही रडताय का?

आक्का : जिवंत आहे तो?

मोना : एकदम. सकाळी दोन प्लेट पोहे खाल्ले, वर जलेबी.

आक्का : आई भवानी! दे, आता दे ते पाणी... मग तो तसला कागद का धाडलास?

मोना : कसला कागद? माझ्या लग्नाचं कार्ड होतं ते. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे.

आक्का : लग्नाचं? त्याला कोपरा नव्हता.

मोना : तीच तर डिझाइन आहे! हे बघा, हे माझं मशीन. ही वेलीची डाय, म्हणजे लोखंडी साचा. कागदावर ठेवायचा, दोन प्लेटांच्या मध्ये दाबायचा आणि हँडल फिरवायचं. कर्र आवाज येतो आणि कोपरा कटून हातात. आधी मी वाढदिवसाची कार्डं करायची, झुंबरं करायची. मग म्हटलं, स्वतःच्या लग्नाची पण आपणच करू. दीडशे केलीत, सगळी हाताने.

आक्का : आणि कोपरे का कापलेस?

मोना : तोरणासाठी. प्रत्येक कोपऱ्याच्या मागे नाव लिहिलंय. मंडपात तोरण लागेल, लोकांनी येऊन आपापला कोपरा शोधायचा. पप्पांना तर जाम आवडलं.

आक्का : तुझ्या बापालाही ठाऊक नसावं ना! अगं, कोपरा फाडलेला कागद कधी येतो?

मोना : कधी?

आक्का : माणूस गेलं की. कोपरा नाही दिसला की समजायचं. उंबऱ्याबाहेरच वाचायचा, तिथंच फाडून टाकायचा आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. तो कागद घरात ठेवत नाहीत. लग्नाच्या पत्रिकेला चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं. तू तर कोपराच ठेवला नाहीस.

मोना : हे भगवान! मला सच्ची पता नव्हतं, आत्याआजी. आमच्याकडे आता सगळं फोनवरच कळतं. पण आत तर माझं नाव होतं. तुम्ही वाचलं नाही?

आक्का : काय वाचायचं? लिफाफ्यावर देवासचा पत्ता, या घरचा. अक्षर यशवंताचं नाही. आत बघते तर कोपरा कापलेला. मला वाटलं, लिहायला तोच उरला नाही. आणि या घरातून मला दुसरं कसलं पत्र येणार होतं? दारातच फाडलं. माझा मुलगा तरुण पीथमपुरला, शिफ्टवर. त्याची वाटही पाहिली नाही, शेजारणीला सांगितलं आणि बस धरली. इंदूरला बदलली.

मोना : एकट्या आलात? या वयात?

आक्का : एकटीच कुठे? वाटभर तुझ्या आजोबाशी भांडत होते. म्हटलं, मेल्या, भांडण मिटवायच्या आत निघून गेलास. आता राग कुणावर काढू? शेजारची बाई तिकीट हातात धरून माझ्याकडे बघत बसली होती.

(आबा दारात येऊन थांबतात.)

आबा : आक्का?

आक्का : इकडे ये. उजेडात ये जरा.

आबा : कशी काय आलीस?

आक्का : तुझ्या तेराव्याला आले.

मोना : आबा, माझी गलती आहे. मी तुम्हाला न विचारता धारला कार्ड टाकलं. बाकी सगळी घरातच आहेत, पहिलं टेकडीवरच्या देवळात मातेला ठेवून मगच वाटायची होती. हे एकच मी चुपचाप आधी टाकलं. आणि त्याचा कोपरा मी कापला होता. तुम्हाला कार्डं अजून दाखवलीच नव्हती.

आबा : कोपरा कापलास? पत्रिकेचा?

आक्का : तिला ओरडू नकोस. तू शिकवलंस कधी? आणि चुपचाप का टाकावं लागलं तिला?

आबा : मीच म्हटलं होतं, धारला पत्रिका जाणार नाही.

आक्का : अजून तो फेटाच का?

आबा : भर मंडपात, आक्का. तरुणच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधले आणि सख्ख्या मामाला नाही. उघड्या डोक्यानं बसलो होतो मी. लोक बघत होते.

आक्का : एक फेटा कमी पडला होता. चूक झाली. ह्यांना कबूल करता आलं नाही, मानी माणूस. मी दोनदा निरोप धाडला, तू आला नाहीस. ते जाऊ दे. सहा महिन्यांनी हे गेले. मी माझ्या हातानं पोस्टकार्डाचा कोपरा फाडला आणि तुला टाकलं. मिळालं होतं?

आबा : मिळालं.

आक्का : वाचलंस?

आबा : वाचलं.

आक्का : मग?

आबा : आंघोळ केली. डबा घेतला. ड्यूटीवर गेलो.

आक्का : अठरा वर्षं मी स्वतःला सांगत होते, टपालात हरवलं असेल.

आबा : दुसऱ्या दिवशी वाटलं, निघावं. मग दहावा झाला. मग तेरावाही होऊन गेला. त्यानंतर कोणत्या तोंडानं येऊ? दर राखीला वाटायचं, आज जाऊ. पुढच्या राखीला आणखी जड व्हायचं.

आक्का : मी तर वाचलंही नाही, यशवंता, आणि आले. तू वाचून आला नाहीस.

आबा : चुकलो, आक्का. फार चुकलो.

मोना : आबा, बसा ना. तुम्ही पण बसा, आत्याआजी. ही पिशवी द्या इकडे. काय आहे हिच्यात?

आक्का : पांढरं कापड. तेराव्याला तुझ्या बापाच्या डोक्याला बांधायला. ह्याच्या मागे तोच ना कर्ता!

आबा : माझ्यासाठी आणलंस?

आक्का : तुझ्या नावानं आणलं. त्या खेपेला फेटा कमी पडला होता, म्हटलं, या खेपेला तरी पडू नये. असू दे आता पिशवीत. कधीतरी लागेलच. तुझं आधी की माझं, बघू.

आबा : असं बोलू नकोस.

आक्का : मी थोरली आहे. काहीही बोलेन.

मोना : मग या कार्डांचं काय करू? सगळी फेकू?

आक्का : फेकतेस कशाला? ते कोपरे कुठायत?

मोना : डब्यात. बिस्किटाच्या.

आक्का : आण. ज्याचा त्याला जोड. मागून पिवळ्या कागदाची पट्टी चिकटव आणि मग हळदकुंकू लाव.

मोना : जोड दिसेल ना पण.

आक्का : दिसेना का! कोपरा तर असेल. तोरणाला आंब्याची पानं आहेत की.

आबा : दे, गोंद मी लावतो. मोना, हा कोपरा बघ. 'सुभद्रा आत्याआजी, धार' लिहिलंय.

मोना : हो, पण त्याचं कार्डच नाही आता. थांबा, बिना कापलेलं एक आहे, सॅम्पल. हे घ्या, आबा. ह्यावर तुम्हीच लिहा.

आबा : काय लिहू?

आक्का : मला काय विचारतोस? भावानं बहिणीला लिहायचं ते लिही.

आबा : 'तीर्थस्वरूप आक्कास साष्टांग नमस्कार. आपल्या मोनाचं लग्न आहे. तू आठ दिवस आधी ये. नाही आलीस तर मी घ्यायला येईन.'

आक्का : येशील?

आबा : आलीस तरी येईन. परवा तुला पोचवायला येतो. घरात पाऊल ठेवू देशील ना?

आक्का : ह्यांच्या फोटोसमोर बसावं लागेल.

आबा : बसेन.

आक्का : आण इकडे तो कागद.

मोना : चष्मा देऊ का, आत्याआजी? की मी वाचून दाखवू?

आक्का : नको. अक्षर ओळखलं मी. आणि कोपरे चारही आहेत. हा घरात ठेवता येईल.