अतिथीला तारीख विचारणारा मॅनेजर

मंडळी, एक सांगा — कागदावरचा नियम मोठा, की दारात उभा माणूस? माना डोलवू नका, आधी ऐका!

आमचे मुरलीधर ढमाले, एसटीचे मेकॅनिक. त्यांची आई किसनाबाई, वय ब्याऐंशी, गुडघे पार गेलेले. पंचवीस वर्षं एकादशी धरली! आता एकच ध्यास — पाय चालतायत तोवर संगमावरच्या लक्ष्मीनारायणापाशी उद्यापन करायचं. मुलानं मोबाइलवर खोली बुक केली, पैसे आगाऊ भरले. मंगळवार, एकादशी. झकास!

सोमवारी उद्यापनाचा शिधा पिशव्यांत भरताना म्हातारी म्हणते, "मुरल्या, उद्याची स्मार्त एकादशी! आपण माळकरी. आपली भागवत, बुधवारी!"

झाली का पंचाईत! कॅलेंडरात दोन एकादशा, गड्यानं पहिलीच धरली. लावला लॉजला फोन.

"साहेब, एक दिवस पुढे ढकला."

"पॉलिसीत बसत नाही."

"बुधवारी खोली रिकामी आहे?"

"आहे की!"

"मग द्या!"

"नवीन बुकिंग करा. पूर्ण पैसे आगाऊ."

"आणि आधीचे?"

"ते मंगळवारचे!"

अरे, पैसे तेच, माणसं तीच, खोली रिकामी — आणि हा मंगळवार धरून बसलाय! डोकं आपटावं कुठं, सांगा!

मुरलीधरचा खिसा आधीच रिकामा. समोर गेलो तर ऐकेल, या आशेवर दोघं बुधवारी पोचले. मॅनेजर मान वर करीना. "सिस्टीम घेत नाही." किल्ली मागच्या खिळ्यावर लटकतेय, मंडळी! म्हातारी भिंत धरून उभी!

ती म्हणाली, "बाबा, पाटीवर काय लिहिलंय?"

"अतिथी निवास."

"अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. तू तर तिथीवरूनच हाकलतोस. पाटी तरी उतरव!"

खोली? नाही दिली! म्हातारी देवळाच्या ओवरीत, फरशीवर निजायला निघाली. पण जाताना वळली.

"उद्या द्वादशी. मला मेहूण जेवायला घालायचंय. तू बायकोला घेऊन ओवरीत ये."

मॅनेजर चपापला. "मी? आधी काही... नाव वगैरे नोंदवायचं?"

"जेवायला यायला नोंद कसली रे? भूक घेऊन ये."

आला! बायकोसकट आला. खाली मान घालून जेवला. म्हातारीनं स्वतः वाढलं, दुखऱ्या गुडघ्यांनी, पुरणावर तूप ओतून. ताटावर त्याचे डोळे भरले म्हणतात. भरू देत! फरशीवर झोपली ती, तो नव्हे!

हसलात ना मॅनेजरला? मनसोक्त हसलात! आता सांगा — गेल्या महिन्यात बहिणीनं स्टँडवरून फोन केला, "दादा, इकडं आलेय, येऊ का?" तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

"अगं, आधी कळवायचंस!"

ती परत गेली, मंडळी. मिळेल त्या गाडीनं, उपाशी.