नोलीनच्या फायलीवर

...नाही, पण मला सांगा, निनावी म्हणजे निनावी ना? मग कौन्सिलच्या नोटिशीत 'नाव लिहू नका, मोकळेपणानं हरकती पाठवा' असं छापायचं आणि मागाहून कोणी काय लिहिलं ते हुडकत बसायचं, याला काय म्हणायचं? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी पोर्ट एलर्बीच्या धक्क्यावर गळ आणि आमिष विकतोय. कोण कसा अडकतो ते मला कळतं. मी अडकणार नव्हतो.

धक्का तोडून तिथं बड्या लोकांच्या बोटी लावायच्या, हे आमच्या मेयर कॉलवेलच्या डोक्यातलं. माझं दुकान धक्क्यावर, गाळ्याचा करार कौन्सिलच्या हातात आणि तो संपत होता पुढच्याच महिन्यात. हरकत घेतली तर गाळा जाणार, नाही घेतली तर धक्क्यासकट जाणार... मग घेतलेलीच बरी की नाही? पण लपवायचं तर नीट लपवावं माणसानं.

शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, कंप्युटर बिघडवून बिघडवून शिकलो. त्यात कळलं की फायलीच्या पोटात काय काय दडलेलं असतं: कोणी बनवली, कधी, मधे काय खोडलं. मेटाडेटा म्हणतात त्याला. वर सही नसली तरी आत नाव असतंच. झालं, तीन आठवडे गिऱ्हाईक आमिषाचं पाकीट मागतंय आणि मी आपला, "थांब, आधी ऐक, हरकत पाठवायच्या आधी आतलं नाव पूस." आमच्या महिला मंडळाची नोलीन, चौऱ्याऐंशी वर्षांची, दारातूनच म्हणाली, "क्लॅरी, मला चहाबरोबरचे स्कोन भाजायचेत. तू बस पुसत."

मी पुसलं. नाव, तारीख, शेरे, सगळं. धक्क्याचा फोटो जोडला होता, त्यात तो कुठून काढला तेही दडलेलं, म्हणजे थेट माझ्या गल्ल्यामागून... तेही पुसलं. लपवायचं तर नीट लपवावं माणसानं.

सोमवारी कौन्सिलातली ब्रॉनविन आमिष घ्यायला आली. तिला माशाचा वासही सोसत नाही.

"क्लॅरी, राजा, बत्तीस हरकती आल्यात. मेयरनं सगळ्यांची पोटं तपासायला लावली."

"मग?"

"एकतिसांत बनवणारीचं नाव नोलीन."

आता आमच्या गावात कोरा कागद कोणी उघडत नाही हो. अकरा वर्षांपूर्वी नोलीननं स्कोन स्पर्धेचे नियम टाइप केले, ती फाइल गावभर फिरली. क्लबची निवडणूक, हरवलेला कुत्रा, कुणाची अंत्ययात्रा, सगळं त्याच फायलीवर जुनं खोडून लिहिलेलं. मेयर तिच्या घरी गेला, म्हणाला, "ही एकतीस पत्रं तुम्ही लिहिलीत?" ही म्हणाली, "हो. स्कोन घेणार?"

"आणि बत्तिसावं?" मी विचारलं.

"त्यात काहीच नाही. धुवून काढल्यासारखं. गावात पुसणारा एकच आहे, राजा."

म्हणजे बघा, माझ्याही फायलीत नोलीनच होती! मीच तिला पुसली, आणि पुसताना नाव वाचलंसुद्धा नाही.

बसलो काय मी? छे. तेच पत्र छापलं, खाली जाड पेनानं 'क्लॅरेन्स पेचेल, गाळा नंबर एक' लिहिलं आणि मेयरच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "लपवायचं तर नीट लपवावं माणसानं, नाही जमलं तर ठळक लिहावं. धक्क्याला हात लावायचा तर आधी मला उचलून बाजूला ठेवा."

"बसा, क्लॅरी."

"उभाच बरा आहे."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. हरकतींचा विचार करून धक्का तूर्त राहील. गाळ्याचा करार एक वर्ष. आधी पाच-पाच वर्षांचा असायचा, पण असो... सवयीनं मी कौन्सिलच्या त्या फायलीचंही पोट उघडून पाहिलं. बनवणारी: नोलीन. विषय: स्कोन स्पर्धेचे नियम.

वर्षानं पुन्हा हरकत लिहावी लागणार, ते दिसतंच आहे. लिहीन की. तिच्याच फायलीवर लिहीन, आणि आतल्या एका अक्षराला हात लावणार नाही.