माझ्या वजनाचं पोतं

हसू नका गं, पण आमच्या ह्यांनी सायकल घेतली ती पन्नाशीत, तीही जुनी, बदली झालेल्या गोऱ्या साहेबाची. साहेब ताडमाड, आमचे हे बुटके. दुकानदारानं सीट पार खाली बसवली तरी ह्यांचे पाय टेकेनात.

इथं आम्हा मराठी माणसांना रायर म्हणतात. तो म्हणाला, "रायर, हा घोडा तुमच्या मापाचा नाही."

हे म्हणाले, "माझे पाय राहू देत. मागचं कॅरियर तेवढं घट्ट बसव."

मग रोज संध्याकाळी मागे तांदळाचं पोतं बांधायचं आणि गल्लीत पडायचं. एकदा पोतं फुटलं, तांदूळ रस्ताभर. मी ओरडले, "या वयात ही हमाली कुणासाठी?"

कोपर चोळत म्हणाले, "गुडघ्यापायी चालवेना म्हणून तुझं मरुदानल्लूरच्या मठातलं भजन सुटलं ना? तुला बसवून पाडलं तर जिवंत सोडशील मला? म्हणून आधी तुझ्या वजनाचं पोतं."

कशीबशी खाली बसून दुसऱ्या पोत्यात तांदूळ भरले, पोतं एका टोकानं उचलून पाहिलं.

"हे लग्नातलं वजन धरलंत होय?" मी म्हटलं. "जा, आतून आणखी तांदूळ आणा!"